‘ऑर्डर’ फोडताना : प्रकल्प नोंदी

४ जून

रोपवाटिकांसाठीच्या एका मुक्त सॉफ्टवेअरचं स्पॅनिश भाषांतर आजपासून हातात घेतलं. त्यात झाडांची माहिती आहे, साठा आहे, ग्राहकांची मागणी आणि पुरवठादारांकडची खरेदी आहे. शिवाय कलमं बांधणं, कुंड्या बदलणं अशा कामांचं वाटपही आहे. सगळा इंग्रजी मजकूर एका पीओ फाइलमध्ये काढून दिलाय. वर इंग्रजी ओळ, खाली स्पॅनिशसाठी रिकामी जागा. ओळी साधारण १,४००.

सुटे शब्द आधी उरकले, वाक्यं नंतर. ‘ऑर्डर’ ही ओळ आली, तिथे ‘पेदीदो’ टाकलं आणि पुढे गेले. पेदीदो म्हणजे मागवलेला माल. विक्रीचं सॉफ्टवेअर म्हटल्यावर दुसरं काय असणार?

स्पॅनिश शब्द या नोंदींत उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहिणार आहे. रोमन आणि देवनागरी एकत्र आलं की माझं मलाच नंतर वाचवत नाही.

११ जून

पहिला मसुदा दोन पुनरीक्षकांकडे गेला होता. एक बाई माद्रिदच्या, एक गृहस्थ मेक्सिकोचे. बाईंचा आज निरोप आला. त्यांनी आधी गुलाबाचं पान उघडलं. तिथे लिहिलेलं होतं, ‘पेदीदो: रोसालेस’. त्या ते वाचून पुढे गेल्या, कारण स्पॅनिशमध्ये रोसाल म्हणजे गुलाबाचं झुडूप आणि रोसालेस हे त्याचं अनेकवचन. कुणीतरी गुलाबाची झुडपं मागवलीत, इतका सरळ अर्थ. मग ओकचं पान उघडलं, तर ‘पेदीदो: फागालेस’. बाईंनी विचारलंय, “हे फागालेस कुणी मागवले?”

कुणीच नाही. वनस्पतींच्या वर्गीकरणात कुलाच्या वर गण असतो आणि इंग्रजीत गणालाही ऑर्डरच म्हणतात. गुलाबाचा गण रोसालेस, ओकचा फागालेस, ऑर्किडचा अस्पारागालेस. झाडाच्या पानावर ऑर्डर, फॅमिली, जीनस अशा तीन ओळी एकाखाली एक आहेत. बाकी दोघींना मी ‘फामिल्या’ आणि ‘खेनेरो’ दिलं आणि त्यांच्याच डोक्यावर बसलेल्या तिसरीला ‘मागवलेला माल’. तिन्ही ओळी एकत्र दिसल्या असत्या तर असं झालं नसतं, पण फाइलमध्ये त्या एकत्र नव्हत्याच.

मला या चुकीपेक्षा रोसालेसचं जास्त नवल वाटतंय. चूक झाली, तीही अशा ठिकाणी की वाक्य बिनबोभाट बरोबर दिसावं. बाईंनी फक्त गुलाबच तपासले असते, तर हे कुणाला कधी कळलंच नसतं.

१२ जून

कारण शोधलं. फाइल गेटटेक्स्ट पद्धतीची आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमधला मजकूर भाषांतरासाठी गोळा करून देणाऱ्या साधनाची. मूळ संगणक-कार्यक्रमात जिथे जिथे ‘ऑर्डर’ लिहिलंय, ती सगळी ठिकाणं गोळा होऊन त्यांची फाइलमध्ये एकच ओळ बनते. अक्षरं तीच असली की गेटटेक्स्टच्या लेखी संदेश तोच. एका ओळीला भाषांतर एक, आणि ते सगळ्या ठिकाणी जाऊन बसतं. प्रत्येक ओळीच्या वर ती कुठून आली, त्या जागांची यादी टिपणासारखी असते. ती मी ४ तारखेला वाचलीच नव्हती. आज वाचली: नऊ जागा.

(ऑर्डरमधलं पहिलं अक्षर मोठं की लहान, यावर मात्र ओळ वेगळी होते. अर्थ वेगळा असला तर नाही, अक्षराचा आकार वेगळा असला तर हो. यंत्राकडून यापेक्षा जास्त अपेक्षा कशी करायची?)

१३ जून

नऊ जागा एकेक करून पडद्यावर उघडून पाहिल्या. ग्राहकाने मागवलेला माल, हे तीन ठिकाणी. झाडाचा गण, एक. यादीतला क्रम, दोन. कामगारांना दिलेल्या कामाचा कागद, म्हणजे वर्क ऑर्डर, त्याच्या पानाचं शीर्षक नुसतं ‘ऑर्डर’. पुरवठादाराला पाठवायचा खरेदीचा कागद, त्याचंही तसंच. आणि एक बटण, ज्यावर ते नाम नसून क्रियापद आहे: दाबा आणि मागवा.

इंग्रजीत नाम आणि क्रियापद एकाच रूपात खपून जातं. आपल्याकडे ‘मागणी’ आणि ‘मागवा’ वेगळे, स्पॅनिशमध्ये ‘पेदीदो’ आणि ‘पेदीर’ वेगळे. पेदीर म्हणजे मागणं, पेदीदो म्हणजे मागितलेलं. मागणं आणि मागणी यांचं जे नातं, तेच इथेही.

बटणासाठी ‘पेदीर’ ठेवायचं की ‘रेआलिसार पेदीदो’ यावर अर्धा तास गेला. पहिल्याची रोमन अक्षरं पाच, नेमकी इंग्रजी ‘ऑर्डर’इतकी. दुसऱ्याची जागा धरून पंधरा, आणि फोनवर ते बटणाबाहेर सांडतं. आज्ञार्थ वापरला तर ग्राहकाला ‘तू’ म्हणायचं की ‘आपण’, हा वाद देशागणिक निघतो. ‘पेदीर’ हे क्रियापदाचं मूळ रूप, ते कुणालाच तू म्हणत नाही. पेदीर ठेवलं.

१५ जून

आज ‘ओर्देन’ या एका शब्दापाशी बसले होते. गण, क्रम, कामाचा कागद, खरेदीचा कागद, चारही ठिकाणी स्पॅनिशमध्ये ओर्देनच येतो. मग प्रश्न सुटला असं वाटतं, पण तिथेच तो सुरू होतो, कारण ओर्देनला दोन लिंगं आहेत आणि लिंग बदललं की अर्थ बदलतो.

एल ओर्देन, म्हणजे तो ओर्देन: क्रम, रचना, शिस्त, सुव्यवस्था. वनस्पतीचा गणही तोच आणि वास्तुकलेतली डोरिक शैलीही तोच. ला ओर्देन, म्हणजे ती ओर्देन: हुकूम, न्यायालयाचा आदेश, साधूंचा किंवा सरदारांचा संघ. मध्ययुगातले सांतियागो, कालात्रावा आणि आल्कांतारा हे लढाऊ संघ म्हणून स्त्रीलिंगी. ‘दिक्सिओनारिओ पानइस्पानिको दे दुदास’ या २००५च्या शंकाकोशात या शब्दाला वेगळी नोंद द्यावी लागलीय. एक उदाहरण तर असं आहे की विसरणं शक्य नाही: एल ओर्देन देल दिया म्हणजे सभेची विषयपत्रिका, आणि ला ओर्देन देल दिया म्हणजे छावणीत सैनिकांना वाचून दाखवतात तो त्या दिवसाचा हुकूम. शब्द तेवढेच, पुढे ‘एल’ की ‘ला’ एवढाच फरक. पण एकीकडे खुर्च्या मांडायच्या, दुसरीकडे संगिनी लावायच्या.

मूळचा लॅटिन ‘ओर्दो’ पुल्लिंगी, अर्थ रांग. हुकूम देणारी ती ओर्देन स्पॅनिशमध्ये नंतर वेगळी झाली.

कोशात डोकं घालून बसले असताना लक्षात आलं की हे मला नवीन नाहीच. आपला ‘वेळ’ काय वेगळा आहे? तो वेळ आणि ती वेळ. ‘माझा वेळ गेला’ म्हणजे वाया गेला. ‘माझी वेळ गेली’ म्हणजे ठरलेला क्षण निघून गेला, आता पुढच्या खेपेला या. कुणी शिकवलं नाही, तरी आपण चुकत नाही. परका माणूस मात्र ‘मला वेळ नाही’ आणि ‘जेवायची वेळ झाली’ यांत वर्षभर अडखळतो. मान, माळ, वीट या शब्दांचंही असंच. मान ताठ असते आणि मान मोठा असतो. फरक इतकाच की मान मोठा आणि मान लांब यांचा एकमेकांशी संबंध नाही, वेळ आणि वेळ यांचा आहे. एल ओर्देन आणि ला ओर्देनचाही आहे. लावलेली रांग आणि ‘रांग लावा’ ही आज्ञा, दोन्ही एकाच घरातल्या.

कोशाच्या त्या नोंदीपेक्षा ‘वेळ’ने मला जास्त मदत केली. यापुढे ओर्देन लिहिण्याआधी मनात म्हणून बघायचं: तो का ती?

१७ जून

मूळ कार्यक्रम लिहिणाऱ्याला पत्र पाठवलं: नऊ जागांना संदर्भाची खूण जोडा. गेटटेक्स्टमध्ये सोय आहे, संदेशाबरोबर एक छोटी चिठ्ठी देता येते. एकाची ‘वर्गीकरण’, दुसऱ्याची ‘यादीचा क्रम’. चिठ्ठी वेगळी की ओळ वेगळी.

उत्तर आलं, “पण इंग्रजीत तर शब्द एकच आहे. फ्रेंच भाषांतरकाराने तक्रार केली नव्हती.”

फ्रेंचची फाइल उघडून पाहिली. सगळीकडे ‘कोमांद’, म्हणजे मागवलेला माल. ओकचं झाड तिथेही कुणीतरी मागवून ठेवलंय.

मराठीतून दुसरं पत्र लिहावंसं वाटत होतं, पण इंग्रजीतूनच लिहिलं. आपल्या बोलण्यातही ऑर्डर आहेच. बदलीची ऑर्डर येते, कोर्टाची ऑर्डर निघते, माल मागवायलाही ऑर्डर देतो. पण पोरांना ‘उंचीच्या ऑर्डरने उभे राहा’ असं कुणी म्हटलं तर मान वर होते, तिथे ‘क्रम’ लागतो. म्हणजे उसना घेतानासुद्धा आपण त्या शब्दाचे दोनच खिसे घेतले, बाकीचे तिथेच ठेवले. प्रत्येक भाषा हा शब्द वेगळ्या ठिकाणी कापते. पत्रात एवढं तत्त्वज्ञान घातलं नाही. ओकच्या पानाचं चित्र जोडलं आणि खाली लिहिलं, ‘ग्राहक विचारतील, हे कधी पोहोचणार?’

२० जून

चिठ्ठ्या आल्या. नऊच्या नऊ. चित्राने काम केलं.

नवी फाइल जुन्यात मिसळली आणि पडद्यावर निम्म्या ठिकाणी इंग्रजी परत आलं. क्षणभर पोटात गोळा. मग कळलं: चिठ्ठी लागली की गेटटेक्स्ट त्या ओळीला नवी समजतं, जुनं भाषांतर अंदाजाने समोर ठेवतं आणि त्यावर ‘संदिग्ध’ असा शिक्का मारतं. शिक्का असलेली ओळ अंतिम फाइलमध्ये जात नाही, माणसाने बघून शिक्का काढला तरच जाते. चांगली पद्धत आहे. हाच शिक्का ४ जूनला आपोआप लागला असता तर बरं झालं असतं.

सगळ्या संदिग्ध ओळींत अंदाज एकच होता: पेदीदो.

२२ जून

आजचा दिवस ‘सेव्ह ऑर्डर’ने खाल्ला. हे दोन शब्द तीन पानांवर आहेत. विक्रीच्या पानावर ‘ग्वार्दार पेदीदो’: मागणी नोंदवा. कामांच्या पानावर ‘ग्वार्दार ला ओर्देन’: कामाचा कागद जतन करा. आणि जिथे वाफ्यांची यादी बोटाने वर-खाली सरकवता येते तिथे ‘ग्वार्दार एल ओर्देन’: लावलेला क्रम तसाच ठेवा.

आधी मी शेवटच्या दोन्ही ठिकाणी ‘एल’ आणि ‘ला’ गाळून नुसतं ‘ग्वार्दार ओर्देन’ करणार होते. लेबलांवर स्पॅनिशमध्ये असं चालतं. पण क्रम आणि कामाचा कागद एकाच पडद्यावर येऊ शकतात, कारण कामांची यादीसुद्धा सरकवता येते. तिथे ‘ग्वार्दार ओर्देन’ दाबणाऱ्याला कळणार नाही की यादी राहिली की कागद राहिला. त्या इवल्याशा ‘एल’-‘ला’ने पूर्ण भार उचललाय. ठेवले.

‘ऑर्डर नंबर’चंही याच प्रकारे. नूमेरो दे पेदीदो म्हणजे मागणीचा क्रमांक, नूमेरो दे ओर्देन म्हणजे नुसता अनुक्रमांक, यादीतला एक, दोन, तीन. माझ्या पहिल्या मसुद्यात अनुक्रमांकाच्या रकान्यावर मागणीचा क्रमांक लिहिला गेला होता. मागणी नसलेल्या झाडांनाही मागणी क्रमांक!

२५ जून

‘रीऑर्डर’. यात सापडेन असं वाटलं नव्हतं. बोटाने सरकवायच्या यादीवर ते ‘रेओर्देनार’, पुन्हा क्रम लावणं. ग्राहकाच्या जुन्या खरेदीशेजारी तेच ‘बोल्बेर आ पेदीर’, पुन्हा मागवणं. दोन्ही बटणांना बाणाचं तेच चिन्ह. चिन्ह काढणाऱ्यालाही फसवलंय या शब्दाने.

साठ्याच्या पानावर तिसरा: साठा इतका कमी झाला की पुन्हा माल मागवायचा, ती पातळी. माद्रिदच्या बाई म्हणतात ‘पुंतो दे पेदीदो’, मेक्सिकोचे गृहस्थ म्हणतात ‘पुंतो दे रेओर्देन’. दोघंही बरोबर. याचा निकाल ३०ला, तिघांच्या कॉलवर.

२६ जून

ओळी ४०० ते ५२०. ऑर्डर नाही. सुखाचा दिवस.

३० जून

कॉल झाला. मुद्दा हा: लॅटिन अमेरिकेत मागवलेल्या मालाला ‘ओर्देन’ म्हणणं सर्रास आहे, स्त्रीलिंगी, आणि मागवण्याला ‘ओर्देनार’. स्पेनमध्ये ओर्देनार म्हटलं की आवरणं, क्रम लावणं, नाहीतर हुकूम सोडणं. खरेदीच्या बटणावर ‘ओर्देनार’ पाहून बाईंना वाटलं असतं की यादी अक्षरांप्रमाणे लागेल.

दोन वेगळी भाषांतरं ठेवायची का? संगणकाच्या जगात स्पेनच्या स्पॅनिशला एक खूण आणि संपूर्ण लॅटिन अमेरिकेला ‘४१९’ ही वेगळी खूण असते. हा संयुक्त राष्ट्रांच्या प्रदेश-यादीतला क्रमांक. सोय आहे, पण दोन फाइली सांभाळायच्या कुणी? मी एकटी. शेवटी गृहस्थच म्हणाले, “पेदीदो आमच्याकडेही सगळ्यांना कळतं. ओर्देन मात्र त्यांना नीट कळणार नाही.” निकाल लागला. ग्राहकाचा माल पेदीदो, पुरवठादाराचा कागद ओर्देन दे कोंप्रा, कामाचा कागद ओर्देन दे त्राबाखो. साठ्याच्या पातळीला पुंतो दे पेदीदो. गृहस्थ त्यावर थोडे कुरकुरले, पण पेदीदो एकदा ठरल्यावर रेओर्देन कुठून आणणार?

कॉल संपता संपता बाईंनी एक आठवण दिली: स्पेनमध्ये संगणकालाच ‘ओर्देनादोर’ म्हणतात. क्रम लावणारा. शब्द फ्रेंचवरून आलाय. १९५५मध्ये आयबीएमच्या फ्रान्समधल्या शाखेला आपल्या यंत्रासाठी फ्रेंच नाव हवं होतं, तेव्हा लॅटिनचे प्राध्यापक झाक पेरे यांनी ‘ओर्दिनातर’ सुचवला. जगाला क्रम लावणारा तो देव, अशा अर्थाने कोशात पडून असलेलं जुनं विशेषण. मेक्सिकोत मात्र ‘कोंपुतादोरा’, मोजणारी. गृहस्थांनी लगेच, “आमची मोजते, तुमचा हुकूम सोडतो!” पंधरा मिनिटं यातच गेली. वाया नाही गेली.

३ जुलै

आणखी एक सापळा, आणि हा नुसत्या ‘ऑर्डर’चा नाही. कार्यक्रमात ‘न्यू’ हा शब्द एकदाच लिहून पुढे रिकामी जागा सोडलीय, तिथे ऑर्डर, इन्व्हॉइस, वर्क ऑर्डर काहीही येऊन बसतं. इंग्रजीत चालतं. स्पॅनिशमध्ये पेदीदो पुल्लिंगी म्हणून ‘नुएबो पेदीदो’, फाक्तूरा म्हणजे बिल स्त्रीलिंगी म्हणून ‘नुएबा फाक्तूरा’. ‘पाठवलं’चंही तसंच: एन्बियादो, एन्बियादा. मराठीत तर नवा, नवी, नवं अशी तीन. मराठी माणसाला हे समजवायला लागत नाही. पण कार्यक्रम लिहिणाऱ्याला लागलं.

उपाय एकच, तुकडे जोडायचे नाहीत, प्रत्येक वाक्य आख्खं द्यायचं. एका ओळीच्या जागी सात झाल्या. त्याने विचारलं, “सात का?” मी उत्तरात सातही वाक्यं लिहून पाठवली. नंतर काही विचारलं नाही.

५ जुलै

अक्षरांचा क्रम. मी ‘ओर्देन आल्फाबेतिका’ लिहिलं होतं, बाईंनी लाल केलं. क्रम आहे, म्हणजे तो ओर्देन, म्हणून ‘आल्फाबेतिको’. मनात तो-का-ती म्हणायचं ठरवून वीस दिवस झाले, तरी हात चुकलाच. ‘आसेन्देन्ते’, चढता, या विशेषणाला दोन्ही लिंगांत एकच रूप आहे, तिथे चूक लपली असती.

बाई पुढे म्हणाल्या, “नाव सुधारलंस, पण क्रम चुकीचाच लागतोय.” खरंच होतं. आलामो, म्हणजे पॉपलरचा एक प्रकार, यादीत पार शेवटाकडे. पहिल्या अक्षरावर आघातचिन्ह आहे, म्हणजे जोर कुठे द्यायचा ते दाखवणारी तिरकी रेघ, आणि कार्यक्रम अक्षरांच्या युनिकोड क्रमांकाने क्रम लावतो, त्यात चिन्हांकित अक्षरं झेडच्याही पुढे येतात. डोक्यावर लाट असलेला ‘एन’ हे तर स्पॅनिशमध्ये स्वतंत्रच अक्षर. ञ्यांदुबाय हा वृक्ष नोगालनंतर आणि ओलीवोच्या आधी यायला हवा, तो पार तळाला.

त्यात जुनी गंमत. पूर्वीच्या स्पॅनिश कोशांत ‘सीएच’ हे जोडाक्षर एक अक्षर मानून ‘सी’ संपल्यावर यायचं. देवदाराच्या जातीचा सेद्रो, मग सिप्रेस म्हणजे सायप्रस, मग क्लाबेल म्हणजे कार्नेशन, आणि शेवटी चोपो, पुन्हा एक पॉपलर. १९९४मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी ठरवलं की क्रम लावताना दोन अक्षरं सुटी धरायची. मग चोपो उडी मारून सेद्रोच्या पाठोपाठ आला. युनिकोडच्या भाषा-माहितीसाठ्यात आजही स्पॅनिशचे आधुनिक आणि पारंपरिक असे दोन क्रम निवडता येतात. आधुनिक घेतला. कोशात क्ष शोधायला क पाशी जायचं की ळ ओलांडायचा, हा आपला तिढा आठवला. तो मिटवायचं काम माझ्याकडे नाही, हे बरं.

८ जुलै

आघातचिन्हावरूनच. एकवचनी ओर्देनवर चिन्ह नाही, अनेकवचनी ओर्देनेसवर आहे, पहिल्या ‘ओ’वर. आघात जागचा हलत नाही, पण शब्द एका उच्चारखंडाने लांबला की नियमाने चिन्ह द्यावं लागतं. मी ते तीन ठिकाणी विसरले. चिन्हाशिवाय तो शब्द चुकीचा ठरला असता तर शुद्धलेखन तपासनीसाने पकडला असता. पण चिन्ह नसलेला ‘ओर्देनेस’ हाही खरा शब्द आहे, ‘तू क्रम लावावास’ किंवा ‘तू हुकूम द्यावास’ अशा अर्थाचं क्रियापद. तपासनीस गप्प बसला.

यासाठी वेगळी शोधयादी केली. तीनही सापडले.

१० जुलै

उरलेले प्रकार. ‘आउट ऑफ ऑर्डर’ फवारणी यंत्राशेजारी: ‘फुएरा दे सेर्विसिओ’, बंद आहे. बाईंना हे जरा भारदस्त वाटतं, त्या ‘नो फुन्सिओना’, चालत नाही, सुचवतात. पडद्यावर पहिलं, छापून यंत्रावर डकवायच्या कागदावर दुसरं. ‘मेड टू ऑर्डर’ कलमांसाठी ‘पोर एन्कार्गो’. ‘ऑन द ऑर्डर ऑफ २०० रोपं’, म्हणजे २०० च्या आसपास, तिथे चक्क ‘देल ओर्देन दे २००’, शब्दाला शब्द जुळला. इतक्या भांडणानंतर हा शब्द एकदा तरी सरळ वागला. आणि ‘इन ऑर्डर टू’ला नुसतं ‘पारा’. इंग्रजीने तीन शब्दांत सांगितलेलं एकात आटोपलं.

१३ जुलै

नवी आवृत्ती चाचणीसाठी चढवली. मुळातली एक ओळ आता नऊ झाल्या आहेत, त्यांत वेगळी स्पॅनिश भाषांतरं पाच, कारण गण आणि क्रम दोन्हीला ‘ओर्देन’च. तरी त्या ओळी वेगळ्याच ठेवल्या. उद्या कुणी मराठी करायला बसलं तर त्यांना गण आणि क्रम वेगळे लागणार. फ्रेंच भाषांतरकारालाही कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं: ‘ओकचं पान आत्ताच पाहिलं. धन्यवाद आणि अरेरे.’

बाईंनी शेवटची चाचणी गुलाबावरच केली. झाडाच्या पानावर ‘ओर्देन: रोसालेस’. मग त्यांनी मुद्दाम खोटी मागणी नोंदवली, बारा गुलाबाच्या झुडपांची. विक्रीच्या पानावर आलं ‘पेदीदो: रोसालेस, १२’. दोन्ही पडदे शेजारी ठेवून त्याचं चित्र पाठवलंय, काही न लिहिता.

उद्यापासून ‘स्टॉक’. साठा, कलमाचा खुंट, आणि त्याच इंग्रजी नावाचं एक फुलझाड. फाइलमध्ये ओळ एकच आहे. यावेळी वरचं टिपण आधी वाचलं: जागा अकरा.